रोमेरो, जॉर्ज अँड्रू

(४ फेब्रुवारी १९४० – १६ जुलै २०१७). अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक, पटकथाकार व संकलक. चालत्या प्रेतांच्या म्हणजे ‘झोंबीं’च्या आधुनिक भयपटाचा प्रवर्तक म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. वडील क्यूबातून आलेले, तर आई लिथुएनियन वंशाची होती. शिक्षणासाठी तो पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे गेला व कार्नेगी तंत्रशास्त्र संस्थेतून पदवीधर झाला. त्यानंतर हॉलिवुडची वाट न धरता याच पोलादनगरीत मित्रांच्या साहाय्याने त्याने जाहिरातपट व लघुपट तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. लहान मुलांसाठी असलेल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाकरिता त्याने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेवर एक भागही चित्रित केला होता. त्याचे बहुतेक महत्त्वाचे चित्रपट पिट्सबर्गच्या परिसरातच, अल्प भांडवलावर व स्थानिक लोकांना हाताशी धरून निघाले. त्यांचे गुण आणि उणिवा या दोहोंचे मूळ या परिस्थितीत आहे.

झोंबी ही कल्पना मूळ हैती बेटावरील. तेथील लोकसमजुतीप्रमाणे मांत्रिक मृत माणसास उठवून त्याच्याकडून गुलामासारखी राबणूक करून घेतो. तेथे भय वाटते ते झोंबीचे नव्हे, तर स्वतः झोंबी होण्याचे. मृत्यूनंतरही वेठबिगारी न सुटण्याची ही कल्पना मळ्यांवरील गुलामगिरीच्या आठवणीतून आली, हे उघड आहे. ‘व्हाइट झोंबी’ (१९३२) व ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) हे चित्रपट याच समजुतीवर आधारलेले होते. रोमेरोने मांत्रिकच काढून टाकला. त्याची प्रेते कोणाच्या आज्ञेत नाहीत; ती माणसांचे मांस खातात, त्यांच्या दंशाने मेलेला माणूस त्यांच्यासारखाच होऊन उठतो आणि मेंदू नष्ट केल्याखेरीज ती थांबत नाहीत. भारतीय वाचकाने येथे एक भेद लक्षात ठेवावा. आपल्याकडील भूत म्हणजे देह गमावलेला अतृप्त आत्मा. रोमेरोचा झोंबी म्हणजे आत्मा गमावलेला अतृप्त देह. म्हणून त्याला शांत करता येत नाही, त्याच्याशी बोलताही येत नाही. या कल्पनेस रिचर्ड मॅथेसन याच्या ‘आय ॲम लेजंड’ (१९५४) या कादंबरीने चालना दिल्याचे रोमेरोने स्वतःच मान्य केले होते.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हा त्याचा पहिला चित्रपट. सुमारे १ लाख १४ हजार डॉलर एवढ्या खर्चात, पिट्सबर्गच्या उत्तरेस एव्हान्स सिटी या गावाजवळील एका शेतघरात व दफनभूमीत तो चित्रित झाला. कृष्णधवल पटावर चॉकोलेटच्या पाकाने रक्ताचे काम भागविले. कथानक अगदी साधे आहे. प्रेतांनी वेढलेल्या घरात सात माणसे अडकतात आणि बाहेरच्या संकटापेक्षा आपापसांतील भांडणांनी नष्ट होतात. वादाचा मुद्दा एकच : तळघरात कोंडून घ्यावयाचे की वर राहून खिडक्या-दारे लढवावयाची. तळघराचा आग्रह धरणारा हॅरी कूपर हा हेकट व भित्रा आहे. त्याला विरोध करणारा बेन हा धीराचा व कर्तबगार आहे. तरीही अखेरीस बेन एकटाच वाचतो तो तळघरात शिरल्यामुळेच. नायक चुकतो व क्षुद्र माणसाचे म्हणणे खरे ठरते, ही या पटकथेतील सर्वांत निष्ठुर गोष्ट होय; प्रेतांच्या दृश्यांपुढे ती बहुधा दुर्लक्षिली जाते.

बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. भूमिका त्या वर्णासाठी लिहिलेली नव्हती व संवादांत वर्णाचा उल्लेखही येत नाही. पण सकाळी बंदूकधारी गोऱ्या नागरिकांची टोळी बेनला प्रेत समजून गोळी घालते आणि त्याचा देह आकड्यांनी ओढून चितेवर टाकते, ही अखेरची दृश्ये वृत्तपत्रातील भरड छायाचित्रांसारख्या स्थिरचित्रांतून दाखविली आहेत. मार्टिन ल्यूथर किंग याच्या हत्येच्या वर्षी (१९६८) ती पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. वयोगटाप्रमाणे चित्रपटांचे वर्गीकरण अमेरिकेत अद्याप सुरू झालेले नव्हते. त्यामुळे दुपारच्या खेळांना लहान मुलेही बसत व भेदरून जात. टीकाकारांनी चित्रपटावर प्रथम हल्ला केला तो यामुळेच. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो दाखविला आणि १९९९ मध्ये त्याचा अंतर्भाव अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाला.

या चित्रपटाच्या यशाचा लाभ मात्र निर्मात्यांना फारसा झाला नाही. त्याचे मूळ नाव निराळे होते. वितरकाने ते बदलताना नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहून गेली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सूचनेवाचून प्रसिद्ध झालेली कृती सार्वजनिक मालकीची ठरे. परिणामी कोणीही या चित्रपटाच्या प्रती काढाव्यात, दाखवाव्यात व विकाव्यात, असे झाले. नुकसान झाले ते कर्त्यांचे. पण अनिर्बंध प्रसारामुळेच चित्रपट घरोघर पोहोचला व त्यातील झोंबी कोणालाही वापरता येईल असा सार्वजनिक ठेवा बनला. एखाद्या लोककथेचा प्रसार व्हावा तसा हा प्रसार झाला.

पुढील काही वर्षे आर्थिक ओढाताणीची गेली. ‘देअर्स ऑलवेज व्हॅनिला’ (१९७१) हा प्रेमकथापट विसरला गेला, तो योग्यच झाले. ‘द क्रेझीज’ (१९७३) मध्ये लष्कराचे जैविक अस्त्र गावाच्या पाण्यात मिसळते; विषापेक्षा गोंधळलेले लष्करच अधिक घातक ठरते, हे त्यातील सूत्र जोरकस आहे, परंतु मांडणी विस्कळीत आहे. याच सुमारास एका लूथरपंथी सेवासंस्थेने वृद्धांच्या होणाऱ्या हेळसांडीवर बोधपट मागितला असता रोमेरोने ‘द अम्यूझमेंट पार्क’ हा सुमारे तासाभराचा पट दिला. जत्रेसारख्या करमणूक-उद्यानात आलेला म्हातारा पदोपदी लुबाडला जातो, हिणवला जातो व शेवटी रक्तबंबाळ होतो. अनेक दशके अज्ञात राहिलेला हा पट जीर्णोद्धारानंतर २०२१ मध्ये सर्वसाधारण प्रेक्षकांपुढे आला. यात एकही प्रेत उठत नाही. तरीही रोमेरोच्या कोणत्याही भयपटापेक्षा तो अधिक अस्वस्थ करतो. म्हाताऱ्याचे काम करणारा लिंकन माझेल हा विख्यात वाद्यवृंद-संचालक लोरिन माझेल याचा पिता.

‘मार्टिन’ (१९७७) हा रोमेरोचा स्वतःचा आवडता चित्रपट. पोलाद कारखाने ओस पडू लागलेल्या ब्रॅडक गावात राहणारा एक बुजरा तरुण स्वतःला रक्तपिपासू पिशाच समजतो. त्याला सुळे नाहीत. तो दाढीचे पाते व गुंगीचे औषध वापरतो. तो खरोखर पिशाच आहे की मनोरुग्ण, याचा निर्णय चित्रपट देत नाही. लसूण व क्रूस घेऊन त्याच्या मागे लागलेला सनातनी वृद्ध नातेवाईकच अखेर अधिक भयंकर वाटू लागतो. टॉम साव्हिनी या रंगभूषाकाराचे साहाय्य रोमेरोला येथपासून लाभले. व्हिएटनाममध्ये लष्करी छायाचित्रकार म्हणून साव्हिनीने पाहिलेली छिन्नविच्छिन्न शरीरे पुढील चित्रपटांतील रंगभूषेत उतरली.

‘डॉन ऑफ द डेड’ (१९७८) ही रोमेरोची सर्वश्रेष्ठ कृती होय. पहिल्या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि विचाराची व्याप्ती, विनोद व दृश्यांची समृद्धी या दृष्टींनी दुसऱ्याचे पारडे जड ठरते. दारिओ अर्जेंतो या इटालियन दिग्दर्शकाने त्यास अर्थसाहाय्य केले व यूरोपसाठी स्वतंत्र संकलन केले. पिट्सबर्गजवळील मनरोव्हिल मॉल या प्रचंड बंदिस्त बाजारपेठेत, दुकाने बंद झाल्यावर रात्रभर चित्रीकरण चाले; नाताळच्या सजावटीमुळे मध्यंतरी ते थांबवावे लागले. प्रेतांपासून पळालेले तीन पुरुष व एक स्त्री या बाजारपेठेचा ताबा घेतात. प्रेतेही तेथेच जमतात, कारण जिवंतपणी तेथे येण्याची सवय त्यांच्या देहांत उरली आहे. आत हवी ती वस्तू फुकट मिळते. चौघांचे घर सजते आणि हळूहळू त्यांच्याजवळ करण्यासारखे काहीच उरत नाही. उपभोगाची ही उपहासिका प्रवचनाच्या वळणाने जात नाही. दुकानांत शिरण्याच्या सुखात ती प्रेक्षकालाही सामील करून घेते आणि मगच ते सुख बेचव करते. मोटारसायकलस्वारांची लुटारू टोळी चालून आल्यावर, सुरक्षित निघून जाणे शक्य असताना, त्या चौघांतील एक जण ‘हे आमचे आहे’ या भावनेने गोळी झाडतो व सर्वस्व गमावतो. उरलेल्या दोघांची आत्महत्या हा योजलेला शेवट चित्रीकरणाच्या वेळी बदलला गेला. तो बदल हितकारकच ठरला. रक्ताचा भडक तांबडा रंग काहींना खोटा वाटतो. परंतु चित्रकथांच्या पुस्तकांसारखा हा भडकपणा चित्रपटाच्या उपहासाला साजेसाच आहे.

‘डे ऑफ द डेड’ (१९८५) साठी रोमेरोने फार मोठी पटकथा लिहिली होती. वर्गीकरण-मंडळाच्या अटी न स्वीकारण्याच्या त्याच्या निर्धारामुळे भांडवल जवळजवळ निम्म्यावर आले व पटकथा आखडती घ्यावी लागली. भूमिगत खाणीतील तळावर शास्त्रज्ञ व सैनिक एकमेकांवर ओरडत राहतात. हा आरडाओरडा त्या काळी कोणाला रुचला नाही. पुढे या चित्रपटाची प्रतिष्ठा वाढत गेली, ती मुख्यतः ‘बब’ या झोंबीमुळे. संगीत ऐकून तो चकित होतो, सैनिकाला सलाम करतो आणि आपल्यावर प्रयोग करणाऱ्या डॉक्टराचे शव पाहून शोक करतो. सर्व माणसांहून अधिक माणुसकी एका प्रेताच्या ठिकाणी दाखविणारा हा चित्रपट पहिल्या दोहोंच्या जवळ, पण किंचित खाली ठेवावा लागतो. त्यातील जिवंत पात्रे फार ढोबळ आहेत.

त्यानंतर वीस वर्षे त्याने झोंबीपट काढला नाही. स्टीव्हन किंगच्या पटकथेवरील ‘क्रीपशो’ (१९८२) हा आधीचा खुसखुशीत कथासंग्रहपट आणि ‘मंकी शाइन्स’ (१९८८) हे चित्रपट आजही पाहण्यासारखे आहेत. मोटारसायकलींवरून मध्ययुगीन द्वंद्वे खेळणाऱ्या फिरत्या मंडळीवरील ‘नाइटरायडर्स’ (१९८१) हा भयपट नव्हे. धंद्यापुढे मान न तुकविणाऱ्या नायकात रोमेरोची छाया दिसते. एका मोठ्या चित्रसंस्थेसाठी काढलेल्या ‘लँड ऑफ द डेड’ (२००५) मध्ये उंच इमारतीत राहणारे धनिक व तिच्या पायथ्याशी राहणारे गरीब यांच्या कलहात झोंबी हा तिसरा पक्ष होतो; कल्पना चांगली, पण रूपक फारच उघडे. ‘डायरी ऑफ द डेड’ (२००७) व ‘सर्व्हायव्हल ऑफ द डेड’ (२००९) यांची गणना मात्र शेवटीच करावी लागते. पहिल्यात चित्रीकरणाच्या हव्यासावरील टीका पात्रे स्वतःच बोलून दाखवितात. दुसऱ्यात दोन घराण्यांच्या वैराची कथा पकड घेत नाही. विशेष म्हणजे, याच काळात त्याच्या अनुकरणातून निघालेले चित्रपट मोठ्या भांडवलावर यशस्वी होत होते, धावणारे झोंबी लोकप्रिय झाले होते आणि त्याला स्वतःला भांडवल मिळविणे जड जात होते. प्रेते धावू शकत नाहीत, त्यांचे घोटे मोडतील, असे तो थट्टेने म्हणे. थट्टेमागे कलाविचार होता : त्याच्या मंद प्रेतांपासून कोणालाही सहज पळता येते, माणसे मरतात ती हट्टापायी, लोभापायी किंवा एकमेकांवरील अविश्वासापायी.

ही परंपरा पुढे भारतातही पोहोचली. गोव्यात घडणारा ‘गो गोवा गॉन’ (हिंदी, २०१३) आणि डोंबिवलीत घडणारा ‘झोंबिवली’ (मराठी, २०२२) यांतील दंशाने पसरणारा व घोळक्याने येणारा झोंबी हा हैतीचा नव्हे, पिट्सबर्गचा आहे.

रोमेरो उत्तरायुष्यात कॅनडात स्थायिक झाला. टोराँटो येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. त्याची अपुरी राहिलेली ‘द लिव्हिंग डेड’ ही कादंबरी डॅनियल क्राउस याने पूर्ण करून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. त्याची हस्तलिखिते व कागदपत्रे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांत कधीच चित्रित न झालेल्या अनेक पटकथा आहेत.