मोजलेले पक्षी, राहून गेलेले किडे

जानेवारी 1985 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरची खाजणं गोठली आणि सुमारे तीन हजार रोहित पक्षी उपासमारीने मेले. हा आकडा आज सांगता येतो, कारण तेव्हा तिथे पक्षी मोजणारी माणसं होती. त्याच थंडीत बोरूच्या काड्यांना चिकटून बसलेल्या, चतुरांसारख्या दिसणाऱ्या टाचण्यांचं काय झालं, ते मोजायला कुणी नव्हतं. कामार्गच्या गेल्या सत्तर वर्षांतल्या हिवाळ्यांचा मागोवा घेताना मला ही तफावत सगळ्यात जास्त खुपते.

कामार्ग म्हणजे ऱ्होन नदीचा त्रिभुज प्रदेश. आर्ल शहराजवळ नदीला दोन फाटे फुटतात आणि दोन्ही भूमध्य समुद्राला मिळतात. मधल्या पट्ट्यात वाकारेसचं विस्तीर्ण, उथळ तळं, मिठागरं, बोरूची बनं आणि भातखाचरं. ईशान्येला आल्पीय ही चुनखडीची बुटकी डोंगररांग. तिचा सर्वांत उंच माथाही पाचशे मीटरच्या आतच. मी त्या भागात काढलेल्या हिवाळ्यांत सकाळी खाजण आणि दुपारी डोंगर असा शिरस्ता पडून गेला होता. मिस्त्राल वारा सुटला की मात्र दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. मग डोंगराच्या आडोशाला जाण्यावाचून इलाज नसतो.

मोजणीचं श्रेय मुख्यतः एका स्विस माणसाचं. ल्यूक हॉफमन यांनी 1954 मध्ये तूर द्यू वाला हे संशोधन केंद्र कामार्गमध्ये सुरू केलं. पाणथळ जागा म्हणजे निचरा करून शेतीखाली आणायची पडीक जमीन, असं मानणाऱ्यांचा तो काळ होता. 1962 मध्ये कामार्गच्याच सेंत-मारी-द-ला-मेर गावात त्यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि पाणथळींसाठी आंतरराष्ट्रीय कराराची मागणी तिथे पुढे आली. तिचंच फळ म्हणजे 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमध्ये झालेला रामसर करार. 2020 मध्ये आपल्या नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला, त्याचं मूळ या किनारी गावापर्यंत जाऊन पोहोचतं.

रोहितांची गोष्ट तर मोजणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. 1962 ते 1968 या काळात कामार्गमध्ये त्यांची वीणच झाली नाही. मग 1970 मध्ये फांगासिएच्या मिठागरात मातीचं बेट उभारलं गेलं. पक्षी तिकडे फिरकेनात, तेव्हा माणसांनी चिखलाचे घरट्यांसारखे उंचवटे रचले आणि 1974 मध्ये रोहित तिथे वसले. 1977 पासून पिलांच्या पायांत अक्षरांची कडी घालायला सुरुवात झाली. दूरदर्शीतून ती अक्षरं वाचायची म्हणजे चिकाटीचं काम. पक्षी गुडघाभर पाण्यात उभा असतो, एक पाय पोटाशी घेतलेला, आणि कडं नेमकं त्याच पायात. तो पाय खाली यायची वाट पाहत बोटं बधिर होतात. पण याच वाचनांमधून कळलं, की कामार्गमध्ये जन्मलेला एखादा रोहित हिवाळा स्पेनमध्ये काढतो, कुणी ट्युनिशियात, कुणी तुर्कस्तानात. एक तळं राखून भागत नाही, सगळा भूमध्य किनाराच राखावा लागतो, हे शहाणपण या कड्यांनी दिलं.

बदकांची विमानातून दरमहा गणना 1964 पासून सुरू झाली. त्यातून हिवाळी बदकांचं वेळापत्रक उलगडलं. चक्रांग, मलिन बदक, थापट्या हे सगळे दिवसभर राखीव तळ्यांवर हजारोंनी विसावतात आणि अंधार पडता पडता चरायला आसपासच्या दलदलींकडे उडतात. त्या वेळी बांधावर उभं राहावं. आधी पंखांची सळसळ येते, मग डोक्यावरून चक्रांगांचे लहान लहान थवे इतक्या वेगाने जातात, की नजर पुढे जाईपर्यंत पुढचा थवा आलेला असतो. यातल्या पुष्कळशा दलदली शिकारीच्या मालमत्ता आहेत, हे सांगायलाच हवं. बदकं यावीत म्हणून मालक ऱ्होनचं गोडं पाणी भर उन्हाळ्यातही आत सोडतात. भूमध्य प्रदेशातली दलदल मुळात पावसाळी हिवाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्यात कोरडी पडणारी. त्या कोरडेपणावर ज्या वनस्पतींचं आणि जलकीटकांचं आयुष्य बेतलेलं, त्यांची यात पंचाईत झाली. बदकांच्या आकड्यांत हे दिसत नाही.

गेल्या वीसेक वर्षांत क्रौंचही हजारोंनी इथे हिवाळा काढू लागलेत. भात कापलेल्या खाचरांत दिवसभर दाणे टिपतात.

आता किडे. हिवाळ्यात कसले किडे, असं वाटेल. पण आल्पीयच्या दक्षिण उतारावर जानेवारीतही रोजमेरी फुललेली असते आणि ऊन पडलं की तिच्यावर हमिंगबर्ड हॉक मॉथ हा पतंग येतो. तो फुलावर बसत नाही. हवेतच स्थिर राहून लांब सोंड आत घालतो. फेब्रुवारीच्या उबदार दुपारी निळ्या-जांभळ्या पंखांचे मोठे भुंगे बाहेर पडतात. शंकूसारख्या टोकदार डोक्याच्या एम्प्यूझा या प्रार्थनाकीटकाची पिल्लं पोट पाठीवर वळवून, वाळल्या गवताच्या रंगात हिवाळा काढतात. वर, आल्पीयमधल्या ले बो गावाच्या कड्यांवर, आल्प्समधून उतरलेला वॉलक्रीपर पक्षी करडा खडक चाचपत चढतो आणि मध्येच पंख उघडून किरमिजी रंग दाखवतो. कपारीतले किडे आणि कोळी हेच त्याचं अन्न. आपल्या सह्याद्रीत दिसते तीच मोरघारही इथे मोजक्या जोड्यांनी टिकून आहे.

खाली पाणथळीत सिम्पेक्मा नावाची तपकिरी टाचणी असते. युरोपातले बाकीचे जवळजवळ सगळे चतुर आणि टाचण्या हिवाळा अंडं किंवा पाण्यातली अळी म्हणून काढतात. ही पंखांसकट, पूर्ण वाढलेली राहते. बोरूच्या काडीजवळ चेहरा नेला, तर ती हळूच काडीच्या पलीकडे सरकते आणि दोन बाजूंनी फक्त डोळे दिसत राहतात.

किडे पाहणारी माणसं या मुलखात नव्हती असं नाही. जाँ-आंरी फाब्र इथून जवळच, सेरिन्याँ गावात राहत. पाइनवरच्या सुरवंटांची रांग कुंडीच्या काठावर चढली आणि सात दिवस तिथेच गोल फिरत राहिली, ही त्यांची नोंद 1896 च्या जानेवारीअखेरची आहे. एकेका किड्याकडे इतकं जीव लावून क्वचितच कुणी पाहिलं असेल. पण एक जीव निरखणं वेगळं आणि तीच जागा वर्षानुवर्षं मोजणं वेगळं.

मोजणीची ही उणीव किती महागात पडते, ते डासांच्या फवारणीने दाखवलं. 2006 पासून कामार्गच्या काही भागांत डासांच्या अळ्या मारणारं बीटीआय हे जैविक कीटकनाशक फवारलं जाऊ लागलं. ते फक्त डासांपुरतं, असं म्हटलं जात होतं. तूर द्यू वालाच्या संशोधकांनी वळचणीला मातीची घरटी करणाऱ्या पाकोळ्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा फवारलेल्या भागात एका घरट्यातून सरासरी 2.3 पिलं उडाली, न फवारलेल्या भागात 3.2. पिलांच्या चाऱ्यातले चतुर आणि कोळी घटले होते, उडणाऱ्या मुंग्या वाढल्या होत्या. किड्यांवरचं संकट असं पक्ष्यांच्या पिलांमधून उघड झालं. चतुरांची थेट मोजणी आधीपासून असती, तर ते लवकर कळलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. यंदा नांदूर मध्यमेश्वरला, उजनीला किंवा गावच्या तळ्यावर गणनेला जाल, तेव्हा वहीत एक पान टाचण्या, चतुर आणि फुलपाखरांसाठी ठेवा. नावं ओळखता आली नाहीत तरी जागा, तारीख, वेळ आणि संख्या लिहा, फोटो काढा, आणि पुढच्या जानेवारीत त्याच जागी पुन्हा जा.