करंजाची झाडे आणि जुन्नरची लेणी

कल्याणच्या एका माणसाने जुन्नरच्या डोंगरात चैत्यगृह कोरवून घेतले. नाव सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत ही नोंद आहे. ती एका ओळीत संपते. राजाचे नाव नाही, पराक्रम नाही, वंशावळ नाही. गाव, बाप, स्वतःचे नाव आणि काय दिले, एवढेच.

या ओळीपासून काही पावलांवर सातवे लेणे आहे. तिथे अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसला आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेली माणसे थेट तिकडे वळतात आणि सहाव्या लेण्याच्या खांबांवरचे हत्ती-सिंह बघायलाही थांबत नाहीत. सातवे लेणे म्हणजे मुळात भिक्खूंचा विहार. खांब नसलेले प्रचंड दालन आणि तीन बाजूंना वीस खोल्या. दर्शन झाल्यावर त्या दालनात मधोमध उभे राहून छताकडे पाहावे. इतके मोठे छत एकाही खांबाच्या आधाराशिवाय दोन हजार वर्षे उभे आहे. कोरणाऱ्यांना हा खडक किती कळला होता, ते तिथे समजते.

कल्याणच्या माणसाने जुन्नरला पैसे का घातले, याचे उत्तर जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. सह्याद्रीची धार तिथे अचानक तुटते आणि नाणेघाटाची खिंड कोकणात उतरते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या खिंडीने वर यायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. खिंडीच्या तोंडाशी एक चौकोनी लेणे आहे. त्याच्या भिंतींवर पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा दीर्घ लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि कोणत्या यज्ञाला किती दक्षिणा दिली, याचा तो हिशेबच आहे. १,७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापण असे आकडे त्यात येतात. भारतीय अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या भिंतीची गणना होते. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आणि खाली तुटक्या पावलांच्या खुणा उरल्या आहेत. कर्नल साइक्सने १८२८मध्ये हे लेणे पाहिले आणि इंग्रजी अभ्यासकांपुढे आणले. पण लेख लावण्याच्या कामात मोठा वाटा आहे तो पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा. जुनागडहून आलेला हा विद्वान इथल्या दऱ्याखोऱ्यांत हिंडला, ठसे घेतले, प्रतिमांवरची नावे वाचली. १८८१मध्ये जेम्स बर्जेस यांच्यासोबत त्यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख प्रसिद्ध केले. जुन्नरबद्दल आज आपण जे खात्रीने बोलतो, त्यातले बरेचसे तिथून आले आहे.

खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे यात टाकत, असे लोक सांगतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, कारण वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो आणि ते टिपायला मुंबई-पुणे लोटते. माझे मत विचाराल तर नाणेघाट खालून चढावा. मुरबाड रस्त्यावरच्या वैशाखरेपासून रान तुडवत निघावे, नानाचा अंगठा हा कडा डोक्यावर ठेवून चढत राहावे. वरच्या टप्प्यात दगडी बांधणीची जुनी वाट लागते आणि हा घाट ओझ्याच्या जनावरांसाठी होता हे पायांना कळते. मोटारीने वर येऊन खाली डोकावणाऱ्याला ते कळत नाही.

आता गावाकडे. जुन्नर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटरवर, कुकडीच्या काठी, चारी बाजूंनी डोंगरांच्या मध्ये आहे. गावाला टेकून शिवनेरी, दक्षिणेला मानमोडी, उत्तरेला नदीपलीकडे लेण्याद्री, पश्चिमेला तुळजा. या सगळ्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षे हे काम चालू होते. पश्चिम भारतातल्या लेण्यांत बुद्धमूर्ती येण्याआधीचा तो काळ. म्हणून इथे स्तूप आहेत, मूळच्या बुद्धमूर्ती नाहीत. अजिंठ्याच्या चित्रांची सवय झालेला डोळा इथे आधी निराश होतो.

अशा माणसाने भिंतींवरचे लेख वाचावेत. जुन्नरची खरी श्रीमंती तिथे आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिले. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. राजाच्या अमात्याचे दान आणि बाहेरून आलेल्या यवनाचे दान एकाच तऱ्हेच्या एक-दोन ओळींत नोंदले आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मानमोडीवरच्या अंबा-अंबिका गटातली भिंत. हे चैत्यगृह पुरे झाले नाही, पण त्याच्या दर्शनी भागावर एकामागून एक दानलेख कोरले गेले. त्यातला एक अदुथुम नावाच्या शकाचा आहे. कोणाचिक श्रेणीचा हा उपासक. वडालिका इथे करंजाची २० निवर्तने आणि कटपुटक इथे वडाची ९ निवर्तने जमीन त्याने दिली. झाडे लावण्यासाठी जमीन, असे काही अभ्यासक मानतात, तर झाडांजवळची जमीन, असे काही म्हणतात. कसेही घेतले तरी लेण्याचा खर्च शेतातून आणि झाडांतून भागवायची ही तजवीज आहे. करंजाच्या बियांचे तेल दिव्यात जळते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडून दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडून दरमहा पाव, अशी रक्कम ठरवून दिलेली आहे. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या लोकांची संघटना इतकी विश्वासाची होती, की लोक तिच्याकडे कायमची ठेव ठेवत आणि तिचे उत्पन्न डोंगरातल्या भिक्खूंना पोचत असे.

लेणी म्हणजे जगापासून दूर गेलेल्यांची एकांताची जागा, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. जुन्नरला ते पटत नाही. ही लेणी बाजारपेठेने बांधली. घाटाने माल आला, मालातून पैसा आला, पैशातून दगड फुटला, आणि पोढ्यांचे पाणी वाटसरूंनाही मिळाले असणार. म्हणून लेणी, घाट आणि गाव वेगवेगळे पाहू नयेत.

मानमोडीवरच्याच भूतलिंग गटात एक दर्शनी कमान आहे. तिच्यासमोर निवांत बसावे. कमानीच्या आतला अर्धगोल कमळाच्या पाकळ्यांसारखा विभागला आहे. मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे, शेजारच्या पाकळ्यांत कमळांवर उभे राहून सोंडेने तिच्यावर पाणी घालणारे हत्ती, आणि त्यापलीकडे हात जोडलेले स्त्री-पुरुष. तिथेच एक छोटी ओळ आहे: चंद नावाच्या यवनाचे दान. आत पाऊल टाकले की काम अर्धवट सोडलेले दिसते. बाहेर इतकी नजाकत आणि आत ओबडधोबड दगड. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मध्येच मऊ थर लागतात आणि तिथे कोरीव काम टिकत नाही. अशा अपुऱ्या लेण्यांत भिंतीवर छिन्नीचे घाव तिरपे, एकाशेजारी एक, जसेच्या तसे दिसतात. खडक कसा फोडत गेले हे पाहायचे, तर पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा अपुरे लेणे अधिक उपयोगाचे.

तुळजा लेणी गावापासून चार-पाच किलोमीटरवर, पाडळीच्या बाजूला. तिथला चैत्य गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. डोंगरात कोरलेला असा गोल चैत्य फार दुर्मीळ. दर्शनी भाग कोसळल्यामुळे उजेड सरळ स्तूपावर पडतो. शेजारच्या लेण्यात तुळजाभवानीची स्थापना झाली आहे. लेण्याद्रीला गणपती आला, अंबा-अंबिकेत पुढच्या काळात जैन प्रतिमा कोरल्या गेल्या, शिवनेरीवर शिवाई देवीचे ठाणेही लेण्यातच आहे. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना हे बदल खटकतात. शेंदूर आणि तैलरंगाने दगडाचे नुकसान होते हे खरेच. पण भिक्खू गेल्यावर या जागा झाडून-पुसून राखल्या त्या या देवतांच्या भक्तांनी, हेही तितकेच खरे आहे.

मधला इतिहास मोठा आहे, तो इथे थोडक्यात सांगतो. अहमदनगर वसण्याआधी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद जुन्नरहून कारभार पाहत होता. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुढे १६५७मध्ये महाराजांनीच मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नर शहरावर रात्री छापा घातला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले. इतका पैसा त्या शहरात होता. हापूसबागेतला सौदागर घुमट त्याच श्रीमंतीची साक्ष देतो. इथला जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरात होता.

पश्चिमेकडे, घाटघर-अंजनावळ्याच्या बाजूला, प्रदेश बदलतो. ही महादेव कोळ्यांची वस्ती. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले याच भागात, कुकडीचा उगम असलेले पूरचे कुकडेश्वर मंदिरही इथेच. उतारावर भाताची खाचरे दिसतात, ती पडकईने तयार झालेली आहेत. एकेकाच्या शेतावर सगळ्यांनी जाऊन दगड रचायचे, माती अडवायची, मग दुसऱ्याच्या शेतावर. मजुरीऐवजी काम परत करायचे. पैसा आणणारे झाड हिरड्याचे. फळ पुरते भरण्याआधी उतरवून वाळवलेला बाळहिरडा औषधाला जातो आणि त्यालाच भाव चांगला मिळतो. घरापुढे, कातळावर, रस्त्याच्या कडेला काळे पडत चाललेले हिरडे पसरलेले असतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे मोठ्या प्रमाणावर पडली. भाताच्या नुकसानीचा पंचनामा कसा करायचा हे सरकारला ठाऊक होते, हिरड्याचा नव्हते. भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखात करंजाच्या झाडांची जमीन दगडावर नोंदली गेली होती आणि आपल्या काळात हिरड्याच्या झाडांची नोंद नाही म्हणून माणसांना कचेरीच्या दारात बसावे लागले, याचा मला राग येतो.

या गावांत मुक्काम करावा. वाटाड्या इथलाच घ्यावा आणि त्याला ठरलेले पैसे द्यावेत. जेवायला तांदळाची भाकरी मिळेल. जुन्नरकडे उतरलात, की मासवडी-रस्सा चुकवू नका. नारायणगाव जुन्नरहून जवळ आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावची पंचमंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी. लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळ असते. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ते उठते आणि उंचावर पळायला जागा नसते. दुसरे, या तालुक्यात उसात बिबटे राहतात. तिन्हीसांजेनंतर पायवाटेने एकट्याने फिरू नये, गावकरी नको म्हणाले तर हट्ट करू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा गवत पिवळे पडलेले असते आणि लेण्यांची तोंडे लांबून दिसतात.

राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले. जुलै २०२५मध्ये शिवनेरी इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत आला. शिवनेरीची गर्दी वाढणार, ती वाढावीच. पण समोरच्या मानमोडीवर, जिथे वेळूकाम करणाऱ्यांच्या गावाचा इतिहास लिहिलेला आहे, तिथे भिंतींवरचे लेख काय सांगतात हे मराठीत वाचायला मिळायला हवे. ब्राह्मी अक्षरांशेजारी खिळ्याने स्वतःचे नाव कोरणारेही तिथे येतात. त्यांना तिथेच थांबवणारा रखवालदार हवा, आणि तो नसेल तर आपण थांबवायला हवे. शिवनेरीला जाल तेव्हा मुक्काम एक दिवस वाढवा आणि तो दिवस मानमोडीला द्या.