बाद होण्याचा हक्क

आपल्याकडे गल्लीत डाव मांडला की सगळ्यांत लहान पोराला लिंबूटिंबू करतात. त्याने हवे तेवढे पळावे, ओरडावे; तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. त्यात मायाच असते, आणि वर्ष-दोन वर्षांत ते पोर खऱ्या भिडूंत येते. सेरेब्रल पाल्सी असलेले किंवा अपघातात पाय गमावलेले मूल मात्र दहावीपर्यंत लिंबूटिंबूच राहते. पी.टी.च्या तासाला त्याच्याकडे इतरांची दप्तरे सांभाळायला दिली जातात, फार तर गुण लिहायची वही. गेल्या आठवड्यात आपण शाळेतल्या रॅम्पविषयी बोललो. वर्गापर्यंत पोहोचलेल्या मुलाचे मैदानावर काय होते, ते आज पाहू.

‘मला हे जमेल’ ही खात्री माणसाला कशी वाटू लागते, याचा विचार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. स्वतः करून पाहिलेले, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेले पाहिलेले, लोकांनी दिलेला धीर आणि त्या क्षणी शरीराला जाणवणारी अवस्था, अशा चार गोष्टींतून ती येते. यांत स्वतः करून पाहिलेल्याचे बळ सर्वांत मोठे. नुसत्या शब्दांचे त्यामानाने थोडे. दिव्यांग मुलांच्या वाट्याला आपण नेमके उलटे माप टाकतो. टाळ्या भरपूर, करून बघायची संधी नाहीच. कौतुक कशाचे चालले आहे आणि कीव कुठे आहे, हे मुलांना बरोबर समजते.

खेळाचे नियम नीट बेतले तर काय होते, हे बोशियाइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेला हा खेळ मुळात सेरेब्रल पाल्सीच्या खेळाडूंसाठी आला. आधी पांढरा चेंडू टाकतात. मग एकाने लाल आणि दुसऱ्याने निळे असे सहा-सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्यांना हाताने चेंडू फेकताच येत नाही, त्यांच्यासाठी बीसी-३ हा गट आहे. खेळाडूपुढे उतरती पन्हळ असते. ती हलवायला मदतनीस असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे. डाव कसा चालला आहे, हे त्याने वळून बघायचे नाही आणि सल्लाही द्यायचा नाही. पन्हळ किती डावीकडे, चेंडू किती उंचीवर, हे सगळे खेळाडू सांगणार. शेवटी चेंडूला स्पर्श त्याचाच हवा. हाताने, डोक्याला बांधलेल्या दांडीने किंवा तोंडात धरलेल्या काडीने. ज्या मुलाला आज कोणता शर्ट घालायचा हेही घरचे ठरवतात, त्याच्या हातात इथे अख्खा डाव असतो. चुकला तर चूक त्याची, जिंकला तर डोके त्याचे. मला हा नियम खेळाच्या जगातला फार मोठा शहाणपणा वाटतो.

व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तेच संघाच्या पातळीवर घडते. बास्केट नेहमीइतकीच, ३.०५ मीटर उंच. शरीराच्या हालचालीवर किती मर्यादा आहे, त्यानुसार प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण दिलेले असतात. मर्यादा जितकी जास्त, तितके गुण कमी. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर गेलेली चालत नाही. म्हणजे ४.५ चे दोघे उतरवले की उरलेल्या तिघांसाठी पाचच गुण राहतात. कमी गुणांच्या खेळाडूवाचून संघच उभा राहत नाही. त्याला धड वर पेलवत नसेल, पण त्याची खुर्ची इतरांच्या खुर्चीइतकीच रुंद असते. ती आडवी घालून तो समोरच्याला अडवतो आणि आपल्या नेमबाजाला वाट करून देतो. त्याला खेळायला घेऊन कुणी उपकार केलेले नसतात. जर्मनी आणि कॅनडात तर देशांतर्गत स्पर्धांत धडधाकट खेळाडूही खुर्चीत बसून ४.५ गुणांचे म्हणून खेळतात.

या खेळात खुर्च्या आदळतात, उलटतातही. पहिल्यांदा पाहणाऱ्या आईबापांचा जीव वर-खाली होतो. पट्ट्याने खुर्चीला बांधलेला खेळाडू तळहात जमिनीला टेकतो, एक झोका घेतो आणि पुष्कळदा खुर्चीसकट स्वतःच उठतो. हे एकदा जमले की बसस्टॉपजवळच्या खड्ड्याची भीती कमी होते. खांद्यांत आलेली ताकद पलंगावरून खुर्चीत सरकतानाही कामी येते.

आपल्यासारख्याला जमलेले पाहणे, ही बंडुरांची दुसरी वाट; त्यासाठी सांगली जिल्ह्यात पाहावे. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांच्या हाताला शाळकरी वयात कायमची इजा झाली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्य मिळवले. पण हे दाखले देताना जपायला हवे. पेटकरांच्या अंगात खेळ जखमेआधीच मुरलेला होता. जन्मापासून बाजूला बसवलेल्या मुलाला पदकविजेता फार लांबचा वाटतो. त्याला शेजारच्या गल्लीतली, त्याच्यासारखीच कुबडी घेऊन खेळणारी मुलगी दिसली तर अधिक धीर येईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने खेळातला सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. शाळेला मात्र उद्याच सुरुवात करता येईल. बैठ्या व्हॉलीबॉलला १० बाय ६ मीटर जागा आणि जवळपास एक मीटर उंचीवर बांधलेले जाळे लागते. चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेले हवे, हा नियम सगळ्यांना सारखाच. अख्खा वर्ग खाली बसून खेळू शकतो. शिक्षकांनी आधी त्या मुलालाच विचारावे, काय जमते, कुठे दुखते. मग चेंडू त्याच्या हातून सुटला, तर गुण समोरच्या संघाला द्यावा.

खेळाच्या खुर्चीची चाके तिरकी का असतात आणि नेहमीची खुर्ची मैदानावर का चालत नाही, ते पुढच्या आठवड्यात.