आधी नंबर पाठवा

रविवारी सकाळी फोन वाजला, की बायको पोह्यांना फोडणी घालता घालता, फोनकडे न बघताच सांगते, "घ्या, कुणालातरी गाडी घ्यायचीय." बहुतेक वेळा ती बरोबर असते. पश्चिम लंडनमधल्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात मी नऊ वर्षं काढली. पहिली दोन गाड्या धुण्यात, उरलेली विकण्यात. तो धंदा सोडून बराच काळ झाला, पण हाउन्स्लोपासून हॅरोपर्यंतच्या मराठी घरांत मी अजून 'गाडीवाले काका'च आहे. "काका, जरा बरोबर येता का बघायला?" माझं उत्तर ठरलेलं असतं : येतो, पण आधी नंबर पाठवा.

आणि लोक फोटो पाठवतात. समोरून एक, मागून एक, काचेच्या छपराचा एक, बेज रंगाच्या सीटांचे दोन, आणि एकात हमखास चार वर्षांची लेक स्टिअरिंग धरून बसलेली. नंबरप्लेटवर मात्र कुणाचातरी अंगठा. जे बघायचं तेच झाकलेलं!

सप्टेंबर २००१ पासून इथल्या प्लेटवर पहिली दोन अक्षरं नोंदणीच्या भागाची असतात, 'एल' दिसला की लंडन. पुढचे दोन आकडे वयाचे. १४ म्हणजे मार्च २०१४ पासूनची गाडी, ६४ म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासूनची. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोच नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला, की गाडीच्या एमओटीची सगळी कुंडली समोर येते, आणि तीही फुकट. इंग्लंडमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी ही तपासणी करावीच लागते. कोणत्या तारखेला मीटरवर किती आकडा होता, पास की नापास, नापास तर कशामुळे, आणि पास करूनही तपासनिसानं काय काय बजावलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. 'मागचा ब्रेक पाइप गंजू लागलाय' ही एकच ओळ लागोपाठ तीन वर्षं दिसली, की मला गाडीपेक्षा मालक जास्त कळतो. ज्यानं तीन वर्षं ब्रेककडे बघितलं नाही, त्यानं इंजिनाचं ऑइल वेळेवर बदललं असेल?

गिऱ्हाईक कुंडली वाचत नाही हे आम्हाला यार्डात चांगलं माहीत होतं. आमचे मालक साउथॉलचे सरदारजी. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला : "गाडी नाक से बिकती है, बेटा." म्हणून धुलाईत सगळ्यात जास्त वेळ जायचा तो आतल्या वासावर. सिगारेट, कुत्रा, सांडलेलं दूध, सगळं काढायचं आणि शेवटी नव्या चामड्याच्या वासाचा फवारा. चेपलेली बाजू भिंतीकडे करून गाडी लावायची. पावसाळी दिवस तर आमचे लाडके, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. आणि गिऱ्हाईक दहाला येणार असेल, तर पावणेदहाला एक चक्कर मारून आणायची. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे कुरकुरतं, खडखडतं, ते गरम झाल्यावर गप्प बसतं. यातलं काहीच बेकायदेशीर नव्हतं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात दिवा कुठे ठेवायचा हे ठरवण्यासारखंच ते. म्हणून आजही मी गाडीपाशी पोचलो की आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. गरम लागलं की म्हणतो, "आम्ही चहा पिऊन येतो तासाभरात."

आपली माणसं मात्र डिकीपासून सुरुवात करतात. उन्हाळ्यात आई-बाबा येणार, त्यांच्या तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा मावतील का? एका गृहस्थांनी तर घरून रिकाम्या बॅगा आणल्या होत्या. त्या रचून बघितल्या, मावल्या, आणि गाडी घेऊन गेले. बॉनेट उघडलंच नाही. ती गाडी मीच विकली होती, म्हणून हा किस्सा सांगताना अजूनही जरा अवघडतो.

या बॅगांपायीच आपल्याकडे सात सीटांची डिझेल गाडी लोकप्रिय झाली. सरकारनंही हातभार लावला. २००१ पासून गाडीवरचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबानं बसू लागला. डिझेल त्यात सरस, काही गाड्यांना वर्षाला जेमतेम वीस-तीस पौंड भरावे लागत. धुरातल्या काजळीचं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काय, हे पुढे कळायचं होतं. काजळी अडवायला सायलेन्सरच्या नळीत एक गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मोटरवेवर दणकून पळावी लागते. लंडनमध्ये गाडी शाळा, सुपरमार्केट आणि क्लास यांच्यापलीकडे जात नाही. गाळणी तुंबते. नवी घ्यायची तर बिल छातीत धडकी भरवणारं, म्हणून काही जण ती काढूनच टाकायचे. फेब्रुवारी २०१४ पासून एमओटीत ती जागेवर आहे का हे बघतात. मग बाहेरचं डबडं तसंच ठेवून आतून पोकळ करणारेही निघाले.

यावर आमचा यार्डातला उपाय सोपा होता. इंजिन बंद, सायलेन्सर गार, आणि नळीच्या आतल्या कडेवरून तर्जनी फिरवायची. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. तव्याची काजळी पुसल्यासारखं काळंकुट्ट निघालं, तर रुमालाला बोट पुसायचं आणि घरी जायचं. ही काजळी जायची कुठे, हे मला २०२० च्या डिसेंबरात नीट कळलं. साउथ सर्क्युलर रोडजवळ राहणारी एला ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्यानं गेली होती. तिच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत होती, असा निकाल त्या महिन्यात मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यानं दिला. त्यानंतर युलेझला शिव्या घालणाऱ्यांच्या गप्पांत मला फारसं रमता आलं नाही.

युलेझ म्हणजे लंडनचा कमी धुराचा पट्टा. एप्रिल २०१९ मध्ये तो फक्त शहराच्या मध्यात होता. २५ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर रस्त्यांपर्यंत आला, आणि २९ ऑगस्ट २०२३ ला सगळ्या लंडनभर पसरला. गाडी नियमात बसत नसेल तर दिवसाचे साडेबारा पौंड. मोघम हिशेब असा, की पेट्रोल गाडी २००६ नंतरची चालते, डिझेल मात्र सप्टेंबर २०१५ नंतरचंच. म्हणजे सतरा वर्षांची पेट्रोल गाडी ऐटीत जाते आणि तिच्याहून कितीतरी तरणी डिझेल दंडासारखे पैसे भरते. नक्की काय ते वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर कळतं. तिथेही नंबरच टाकावा लागतो.

मधल्या दोन वर्षांतला एक किस्सा आमच्या मंडळींत अजून निघतो. वेम्बलीतलं एक जोडपं, दोघांनाही नाटकाचं वेड. तालमी डॉलिस हिलला, १९३२ साली स्थापन झालेल्या आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या वास्तूत. वेम्बलीहून अंतर किती, तर तीनेक मैल. पण मध्ये नॉर्थ सर्क्युलर! वेम्बली हद्दीबाहेर, मंडळ हद्दीच्या आत. २०१३ च्या डिझेल गाडीनं तालमीला गेलं की साडेबारा पौंड ठरलेले. शिवाय युलेझचा दिवस मध्यरात्रीला बदलतो. मराठी नाटकाची तालीम बाराच्या आत संपली असं कधी झालंय? सव्वाबाराला घरी निघालं, की दुसऱ्या दिवसाचे पुन्हा साडेबारा. तिसऱ्या अंकातल्या एका प्रवेशावर दिग्दर्शक अडून बसले, तेव्हा या गृहस्थांनी पावणेबाराला मेकअपसकट बाहेर पळत जाऊन गाडी हद्दीपलीकडे नेऊन लावली आणि ते चालत परत आले. ऑगस्ट २०२३ मध्ये गाड्या मोडीत काढण्याची योजना सगळ्या लंडनकरांना खुली झाली आणि नियमात न बसणाऱ्या गाडीचे दोन हजार पौंडांपर्यंत मिळू लागले. त्यांच्या गाडीला बाजारात त्याच्या निम्मेही कुणी दिले नसते. त्यांनी ती दिली, आणि तीन आठवड्यांनी गणपतीला ट्यूबनं आले. ती योजना २०२४ मध्ये बंद झाली. तेव्हा आता कुणी 'स्वस्तात डिझेल' म्हणाला, की त्या स्वस्ताईचं कारण डोक्यात असू द्या.

जुन्या गाडीच्या धंद्याचं नाव आधीपासूनच बद्दू. फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएत डाळ-भात खाल्लेला मराठी विद्यार्थी लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सापडेल. तिथून एक गल्ली ओलांडली की वॉरन स्ट्रीट. दुसऱ्या महायुद्धानंतर हा रस्ता म्हणजे जुन्या गाड्यांचा उघडा बाजार होता. कारखान्यांतल्या नव्या गाड्या निर्यातीला जात, इथल्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि म्हणून वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विके. नवी मिळालीच तर 'लगेच विकणार नाही' असं लिहून द्यावं लागायचं. व्यवहार फुटपाथवर, रोखीत, कागदाशिवाय. त्या फुटपाथवरचा एक बडा व्यापारी, बगदादमध्ये जन्मलेला स्टॅन्ली सेटी, ऑक्टोबर १९४९ मध्ये हजारेक पौंडांच्या नोटांसह गायब झाला. अडीच आठवड्यांनी त्याचं धड एसेक्सच्या दलदलीत मिळालं. डोनाल्ड ह्यूम नावाच्या माणसानं एल्स्ट्रीहून भाड्याच्या छोट्या विमानातून ते समुद्रावर टाकलं होतं. खुनाचा आरोप त्याच्यावर सिद्ध झाला नाही, प्रेताची विल्हेवाट लावल्याबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली. १९५८ मध्ये सुटल्यावर त्यानं एका वर्तमानपत्राला स्वतःच कबुली विकली. त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालणार नव्हता. आमचे सरदारजी ही गोष्ट पैसे बुडवणाऱ्या दलालांना चवीनं सांगत.

जुन्या गाड्यांच्या बाजारावरच्या लेखानं जॉर्ज अकरलॉफ यांना २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवून दिलं. विकणाऱ्याला खोट ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून चांगली गाडीही पडेल भावात जाते, असं त्यांचं म्हणणं. हा लेख परत पाठवल्याचं पहिलं पत्र त्यांना आलं ते भारतात, १९६७-६८ मध्ये ते तिथे राहत असताना. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर १९७० मध्ये तो छापला गेला. पण एमओटीची कुंडली सगळ्यांना खुली झाल्यापासून गणित थोडं उलटलंय. आता वाचणारं गिऱ्हाईक कधीकधी विकणाऱ्याच्याही पुढे असतं.

स्लाउच्या एका गाडीची गोष्ट त्यातलीच. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना ती आवडली होती. पेट्रोल, ऑटोमॅटिक, किंमत वाजवी, तरी सहा आठवडे पडून. कुंडलीत कारण दिसलं : एका वर्षी मीटर ऐंशी हजारांवर, पुढच्या वर्षी अठरा हजारांवर. मीटर मागे फिरवलंय म्हणून सगळे पळत होते. पण त्यापुढच्या वर्षी आकडा एक्क्याण्णव हजार होता. मागे फिरवलेलं मीटर एका वर्षात त्र्याहत्तर हजार मैल पुढे येत नाही. तपासनिसानं एट्टी सिक्सच्या जागी एटीन टाइप केलं होतं, एवढंच. विकणारा बिचारा हताश झालेला. बाईंनी चारशे पौंड कमी करून घेतले, आणि अजून तीच गाडी चालवतात. कर्ज शिल्लक आहे का हे मात्र आम्ही वेगळे पैसे भरून तपासलं. लॉगबुकवर नाव असलं म्हणजे मालकी आली असं नाही, हे त्या लॉगबुकवरच छापलेलं असतं.

मागच्या महिन्यात पुण्याचा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आला. यूकेत येऊन चौदा महिने झालेले. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आलेल्याला बाराच महिने गाडी चालवता येते, पुढे लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. त्यानं नुकतीच दिली होती, ऑटोमॅटिकवर, म्हणजे गिअरची गाडी बाद. भारतातल्या सात वर्षांच्या अनुभवाला विमा कंपनी काडीची किंमत देईना. इथे विमा पत्त्यावर, वयावर आणि लायसन्सच्या वयावर ठरतो. त्याचं लायसन्स तीन आठवड्यांचं! आलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. वर त्याच्या रस्त्यावर परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही. मी पाकिटाच्या मागे बेरीज केली आणि विचारलं, "वापरणार कधी?" तो म्हणाला, "रविवारी बॅडमिंटनला, काका. आणि वर्षातून एकदा लेक डिस्ट्रिक्ट."

त्याला सांगितलं, भाड्यानं घे. माझ्याकडे तरी कुठे आहे? शेवटची विकली त्याला चार वर्षं झाली, बसचा पास फुकट आहे.

पण ज्यांना खरंच लागणार आहे, घरात लहान मूल आहे, रात्रपाळी आहे, गुडघे दुखणारी आई आहे, त्यांनी खुशाल फोन करा. रविवारी नऊनंतर करा, आणि प्लेटवरचा अंगठा काढून फोटो पाठवा.