साडीतली मरियामाता कोणी रंगवली? जाणून घ्या

चर्चमधल्या चित्रांत मरियामाता बहुतेकदा युरोपियन वेशात दिसते. मुंबईत १९०९ मध्ये जन्मलेल्या अँजेला त्रिंदाद यांनी तिला साडी नेसवली.

कोण होत्या अँजेला?
गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची कन्या. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. अँजेलाही तिथेच शिकल्या.

वेगळेपण काय?
वडिलांची शैली युरोपियन वास्तववादी. अँजेला यांनी भारतीय शैलीची वाट धरली. बायबलमधली माणसं आपल्यासारखी दिसू लागली, श्रद्धा परकी वाटेना. पुढे त्या त्रिकोणांवर आधारित अमूर्त चित्रांकडे वळल्या. त्या शैलीचं नाव ‘त्रिंदादिझम’. १९८० मध्ये त्यांचं निधन झालं.

चित्रं कुठे पाहाल?
पणजीत, फुंदासांव ओरिएंत संस्थेच्या त्रिंदाद संग्रहात. तिथे बाप-लेकीची चित्रं एकत्र आहेत.