पाठीवर सॅक, मुक्कामाला काकूंचं घर

मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्रिप ठरली, तारखा जुळल्या, तिकिटं निघाली. आता प्रश्न उरतो राहायचं कुठे? हॉस्टेलचे फोटो पाहिले जातात, हॉटेलचे दर काढले जातात आणि तेवढ्यात घरातून आवाज येतो, ''अगं, तिथे आपल्या काकू आहेत की! त्यांच्याकडे उतरा.''

तुमच्याही घरी हे वाक्य ऐकलं असेलच. पुढे काय होतं तेही ठाऊक असेल. तुम्ही मनातल्या मनात हिशोब करता. तीन रात्रींचे पैसे वाचतील, घरचं जेवण मिळेल, पण रात्री उशिरा कसं यायचं? सकाळी दहापर्यंत लोळता येईल का? काकू सारखं ''कुठे चाललात?'' विचारणार का?

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी पुण्याहून इंदूरला गेलो, तेव्हा आमच्यापुढे हाच प्रश्न होता. आईची जुनी मैत्रीण तिथे राहते. लग्नाआधी दोघी एका खोलीत राहून नोकरी करायच्या. तीस वर्षं झाली, तरी दर रविवारी फोन असतोच. आम्ही काकूंकडे उतरलो. खूप मजा केली, दोन मोठ्या चुकाही केल्या. तुमचा बेत ठरत असेल, तर त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे सगळं सांगते.

घर की हॉस्टेल?

सगळ्यात आधी स्वतःशी प्रामाणिक राहा. ट्रिपमध्ये तुम्हाला रात्रभर जागायचं असेल, मोठ्याने गाणी लावायची असतील, ग्रुपमध्ये मुलं-मुली एकत्र असतील आणि त्यावरून यजमानांना अवघडल्यासारखं होणार असेल, तर सरळ हॉस्टेल घ्या. त्यात वाईट काही नाही. आईबाबांना तसं स्पष्ट सांगा. ''एक दिवस जेवायला नक्की जाऊ,'' एवढं म्हटलं तरी त्यांचं समाधान होतं.

पण शहर आतून पाहायचं असेल, तर ओळखीच्या घरासारखी दुसरी जागा नाही. आम्ही नेटवरून भल्यामोठ्या याद्या काढल्या होत्या. काकांनी पहिल्याच संध्याकाळी त्यातली निम्मी ठिकाणं खोडली आणि उरलेल्यांचा क्रम लावून दिला. कुठली रिक्षा शेअर मिळते, कुठे चालत गेलेलं बरं, कुठल्या दुकानात पोहे सकाळी नऊनंतर खाऊ नयेत, हे कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

निमंत्रण आईला नको, तुम्हाला मिळू दे

बहुतेक वेळा आईच आईच्या मैत्रिणीशी बोलते आणि आपण थेट दारात उभे राहतो. तसं करू नका. निघण्याआधी आठवडाभर स्वतः फोन करा. आम्ही किती जण आहोत, किती वाजता पोहोचू, किती रात्री राहू, कुणाला काय चालत नाही, हे सगळं सांगा. ''बघू, दोन-चार दिवस'' असं मोघम सांगितलं की यजमानांना स्वतःचे बेत आखता येत नाहीत. तीन रात्री म्हणालात, तर चौथ्या सकाळी निघा. आग्रह झाला तरी निघा.

चौघांपेक्षा जास्त जण असतील, तर एका घरावर भार टाकू नका. दोन खोल्यांच्या घरात सहा सॅक, सहा टॉवेल आणि बारा चपला मावत नाहीत.

काय न्यायचं, हाही प्रश्न असतो. त्या गावात भरपूर मिळतं ते नेऊ नका. इंदूरला शेव-फरसाण नेणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखं आहे. मी विचारलं तेव्हा काकू आधी ''काही नको'' म्हणाल्या, मग हळूच म्हणाल्या, ''आमसुलं मिळाली तर बघ गं.'' चौघींनी मिळून अर्धा किलो आमसुलं आणि गोडा मसाला नेला. त्यांना झालेला आनंद कुठल्याही महागड्या गिफ्ट पॅकने झाला नसता.

पहिली चूक : पाणी

रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी पोहोचलो. केसात धूळ, अंगात आळस. एकीमागून एक चौघींनी आंघोळी केल्या, केस धुतले आणि जीन्ससुद्धा भिजवल्या. दुपारी काकू स्वयंपाकघरात छोट्या पातेल्यात पाणी काढताना दिसल्या. टाकी रिकामी झाली होती.

इंदूरचं पाणी येतं नर्मदेचं. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून ते उपसून आणावं लागतं आणि शहराच्या बऱ्याच भागांत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आमचा तो नेमका 'आड'चा दिवस होता. काकूंनी एक अक्षर बोलून दाखवलं नाही. शेजारून दोन बादल्या आणल्या तेव्हा आम्हाला कळलं.

म्हणून कुठल्याही घरी पोहोचल्यावर पहिल्या तासात तीन गोष्टी विचारून घ्या. पाणी कधी येतं? बाथरूम सकाळी कुणाला किती वाजता लागतं? रात्री दार किती वाजता बंद होतं? विचारण्यात संकोच वाटत असेल, तर लक्षात ठेवा, सांगण्यात त्यांना त्याहून जास्त संकोच वाटतो.

शहर पाहा, पण काकूंच्या वेळेत

इंदूर बॅकपॅकर्ससाठी सोपं आणि खिशाला परवडणारं शहर आहे. 2017 पासून सलग अनेक वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून त्याचा पहिला क्रमांक आला आणि रस्त्यावर फिरताना ते जाणवतं. खाऊच्या गल्लीतही प्रत्येक गाडीजवळ कचऱ्याचा डबा असतो आणि लोक तो वापरतात.

सकाळची सुरुवात पोहे-जिलेबीने करा. इथले पोहे आपल्या कांदेपोह्यांसारखे नसतात. ते वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरलेला असतो. मग होळकरांचा सात मजली राजवाडा पाहा. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. तिथून काचमंदिर जवळ आहे. या जैन मंदिराच्या भिंती, खांब, छत सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. दुपारी लालबाग पॅलेस आणि संध्याकाळी छप्पन दुकान असा दिवस छान जातो.

एक दिवस महेश्वरसाठी ठेवाच. इंदूरहून साधारण नव्वद किलोमीटर. अहिल्याबाई होळकरांनी इथूनच कारभार पाहिला. 1767 ते 1795 ही त्यांची कारकीर्द. किल्ल्यातून पायऱ्या उतरत नर्मदेच्या घाटावर या आणि नुसतं बसा. गावात हातमागांची खटखट ऐकू येते. महेश्वरी साडीच्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामातून उचललेली आहे, हे घाटावर बसून समोरच्या भिंती पाहिल्या की आपोआप पटतं. मांडूही इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे, पण दोन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. जहाजमहाल आणि रूपमती मंडप धावत पाहण्याच्या जागा नाहीत. शिवाय परतायला रात्र होते आणि घरी कुणीतरी ताटं झाकून बसलेलं असतं.

जेवणाचं रोज सकाळीच सांगून टाका. ''आज रात्री बाहेर खाऊ, आमचं करू नका,'' असं सकाळी आठला सांगितलं तर मदत होते. रात्री आठला सांगितलं, तर चार जणींच्या पोळ्या उरतात.

दुसरी चूक : एक वाजून चाळीस मिनिटं

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

दुसऱ्या रात्री आम्ही सराफ्याला गेलो. दिवसा हा सोन्या-चांदीचा बाजार. रात्री दुकानांची शटर खाली आली की त्यांच्यापुढे खाऊच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गर्दी हटत नाही. मक्याचे कोवळे दाणे किसून दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं सारण भरलेले पॅटिस, थंडीतले खरपूस तळलेले गराडू, दहीवडे, गरम जिलेबी. आम्ही काकूंना सांगितलं होतं, ''साडेअकरापर्यंत येतो.''

पण गप्पा रंगल्या. एकीच्या फोनची बॅटरी संपली, दुसरीचा फोन सॅकच्या तळाशी, माझा सायलेंटवर. घराजवळ रिक्षातून उतरलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बाहेरच्या पायरीवर मफलर गुंडाळून काका बसले होते. आम्हाला पाहून ते उठले, फाटक उघडलं आणि एवढंच विचारलं, ''कीस खाल्ला ना?''

रागावले असते तर बरं वाटलं असतं. आत गेल्यावर फोन पाहिला. काकूंचे अकरा मिस्ड कॉल. सकाळी आईचा फोन आला. काकूंनी तक्रार केली नव्हती. रात्री साडेबाराला त्यांनी आईला फक्त विचारलं होतं, ''पोरींचा दुसरा कुठला नंबर आहे का गं?'' त्यानंतर आई पुण्यात आणि काकू इंदूरमध्ये, दोघी जाग्या. आई म्हणाली, ''तिनं तुम्हाला ठेवून घेतलं ते माझ्या शब्दावर. तुम्हाला काही झालं असतं, तर ती मला आयुष्यात तोंड दाखवू शकली नसती. माझी चूक नसताना, तिची चूक नसताना, आमची मैत्री गेली असती.''

मला हे आधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, आम्ही पंचविशीच्या आहोत, नोकरी करतो, उशीर झाला तर झाला. आमच्यासाठी ती फक्त एक मजेची रात्र होती. काकूंसाठी ती तीस वर्षांच्या मैत्रीची जबाबदारी होती. हॉस्टेलमध्ये उशीर झाला तर वॉचमन दार उघडतो आणि विसरतो. घरात कुणीतरी झोपत नाही.

स्वातंत्र्य सोडायचं नाही, कळवायचं

म्हणजे ओळखीच्या घरी उतरलं की आठच्या आत घरात? अजिबात नाही. काकूंशी बोलल्यावर कळलं, त्यांचा आक्षेप रात्रीच्या फिरण्याला नव्हताच. त्या म्हणाल्या, ''दीडला या ना, पण दीड म्हणून सांगून जा. साडेअकरा सांगितलं की मी साडेअकरापासून मोजायला लागते.''

तेव्हापासून आम्ही चौघींनी काही नियम केले, ते तुम्हीही वापरून पाहा.

* परतायची वेळ सांगताना वाटते त्यापेक्षा एक तास जास्तीची सांगा. लवकर पोहोचलात तर सगळेच खूश.

* यजमानांना ग्रुपमधल्या किमान दोघांचे नंबर द्या. निघताना लाइव्ह लोकेशन शेअर करा आणि ते कसं पाहायचं तेही दाखवा.

* रोज एक जण 'फोनवाली'. तिचा फोन चार्ज असेल, रिंग चालू असेल आणि पॉवर बँक तिच्याकडेच राहील.

* उशीर होणार हे कळताक्षणी फोन करा. मेसेज नको. साठीतल्या काकू रात्री मेसेज पाहतीलच असं नाही.

* जास्तीची किल्ली मागायला लाजू नका. पण त्यांनी आपणहून दिली नाही, तर आग्रहही करू नका.

निघताना काय ठेवून जाल?

पैसे दिले तर यजमान दुखावतात, काहीच केलं नाही तर आपल्यालाच बरं वाटत नाही. मधला मार्ग आहे. येता-जाता दूध, फळं, भाजी आणा. एका सकाळचा नाश्ता तुम्ही करा. अंथरुणं घडी करून ठेवा, ओले टॉवेल खुर्चीवर टाकू नका, बाथरूममधले केस उचला. घरी कामाला मावशी येत असतील, तर चार जणांची भांडी त्यांच्या वाट्याला आलेली असतात. काकूंना विचारून, निघण्याआधी मावशींच्या हातात वर्गणी काढून काहीतरी द्या. घरी पोहोचल्यावर 'पोहोचलो' एवढं आधी यजमानांना कळवा, फोटो नंतर टाका.

आणि एक संध्याकाळ यजमानांसोबत घालवा. शेवटच्या रात्री आम्ही काका-काकूंनाच सराफ्याला घेऊन गेलो. काकू आधी नको म्हणाल्या, गुडघे दुखतात म्हणाल्या, मग सगळ्यांत आधी त्याच तयार होऊन बसल्या. घरापासून वीस मिनिटांवर असूनही दोघं चार वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. ''मुलगा बंगळुरूला गेल्यापासून दोघांनीच काय जायचं,'' काका म्हणाले. त्यांनी आम्हाला गर्दीतून वाट काढत त्यांच्या ठरलेल्या गाडीवर नेलं. काकूंनी जिलेबी खाता खाता आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघी बराच वेळ एकमेकींशीच बोलत राहिल्या. आम्ही चौघी बाजूला गराडू खात उभ्या होतो.

परत आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. त्या रात्री पायरीवर कुणी बसलेलं नव्हतं. सगळेच एकत्र घरी आलो होतो.

तुमची पुढची ट्रिप ठरली असेल आणि आई म्हणाली, ''तिथे आपल्या काकू आहेत की,'' तर लगेच नाक मुरडू नका. सॅक भरा, काकूंना स्वतः फोन करा आणि विचारा, ''काकू, इकडून काय आणू?''