पाटावरून उठताना

गौरी-जेवणाला पाटावर बसायची आमच्या घरची रीत. गेल्या वर्षी मी बसलो खरा, पण उठता येईना. शेवटी मुलाने एका बाजूने आणि जावयाने दुसऱ्या बाजूने धरून उठवले. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही.

त्याआधी चार महिने बादली उचलताना कंबरेत उसण भरली होती. आराम हेच औषध, ही आपली जुनी समजूत. पट्टा आणला, फळीवर झोपलो. दुखणे थोडे उतरले, पण पायांतले बळही गेले. मोजे हिला चढवावे लागत. ‘तुम्ही बसा हो, मी आणते,’ असे म्हणत घरच्यांनी प्रेमानेच माझी एकेक हालचाल काढून घेतली.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारले, ‘काका, तुम्हाला काय काय करता येत नाही?’ मग खुर्चीत बसवून, हात छातीशी घडी घालून अर्ध्या मिनिटात किती वेळा उभे राहता येते ते मोजले. पाच! पासष्टीच्या पुरुषाला बारा तरी जमायला हवे.

हेलसिंकीतल्या डॉक्टरांनी 1995 सालीच दाखवले होते, की उसण भरल्यावर अंथरूण धरणाऱ्यांपेक्षा झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे होतात. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या दहांपैकी नऊ जणांत हाडाचा वा मणक्याचा नेमका दोष सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशींत जुनाट दुखण्याला व्यायाम आहे. पट्टा आणि वजने लावून ताण देणे मात्र नको म्हटले आहे.

अर्थात लघवीवरचा ताबा सुटणे, पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा, ताप, कारण नसता वजन उतरणे किंवा पडल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम नव्हे, ताबडतोब डॉक्टर.

मी खुर्चीतून उठ-बस सुरू केली, आधी पाच, मग आठ. सकाळी कोपऱ्यापर्यंत चालणे, पुढे मंडईपर्यंत. भाजीची पिशवी दोन्ही हातांत वाटून मीच आणतो. घरच्यांना एवढेच सांगितले, की मी मागितल्याशिवाय हात देऊ नका. हे त्यांना माझ्यापेक्षा जड गेले.

यंदा गौरींना पुन्हा पाटावर बसलो. एक गुडघा टेकला, एक हात जमिनीवर, आणि उठलो. वेळ लागला. कंबर अजूनही अधूनमधून बोलते. पण मोजे माझे मीच घालतो.